अँटेनाजवळची बाई

हां हां, ती वायर ओढू नका. आधी घरातल्या माणसाला विचारावं — टीव्ही चालू दिसतोय, समोर माणूस बसलेला दिसतोय, आणि तुम्ही सरळ मागे हात घालताय. हे बघतायत ना. काय बघतायत म्हणजे? मुंग्या बघतायत. सकाळी तोंड धुवून दिलं, दूध-पाव भरवला, की खुर्ची टीव्हीसमोर आणि बटण चालू, ते थेट दिवेलागणीपर्यंत. आवाज तेवढा बंद ठेवते, ती खरखर माझ्या डोक्यात जाते. बसा तुम्ही. बॅग खाली ठेवा, त्या स्टुलावर बसा, चहा टाकलाय. बॉक्स काही पळून जात नाही. माझ्या लेकीनं पाठवलंय ना तुम्हाला? ठाऊकच आहे, मी तर कुणाला बोलावलं नव्हतं. लांब बसून फोन फिरवायचे आणि इकडे माणसं धाडायची, हे छान जमतं तिला. सरकार म्हाताऱ्यांना टीव्हीचा बॉक्स फुकट देतंय, आई, बाबांना करमेल. बाबांना करमेल — आईला करमतं का, हे काही सरकारच्या योजनेत बसत नाही वाटतं.

ऐकलंत? थांब म्हणाले. तुम्हाला नाही हो, तुम्ही कशाला दचकताय, मला म्हणतात ते. एवढा एकच शब्द राहिलाय. उजवी बाजू गेली तेव्हा बोलणं गेलं, वाचणं गेलं — पेपर उलटा हातात दिला तरी उलटाच धरून बसतात, मी देऊन पाहिलाय — आणि हा एक शब्द तेवढा मागे राहिला. तहान लागली की थांब. अंथरूण ओलं झालं की थांब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, जो शब्द माणसाच्या तोंडात सगळ्यात घट्ट बसलेला असतो तो राहतो. मला हसूच फुटलं. त्यांना वाटलं, बाई धक्क्यानं हसतेय. म्हटलं, नाही हो, दुसरा कुठला राहिला असता तर धक्का बसला असता. बस डेपोत कंट्रोलर होते हे. ही गाडी सोड, ती गाडी अडव. डेपोत ड्रायव्हरला थांब आणि घरी मला थांब. फरक एवढाच, ड्रायव्हरला मागाहून शिट्टी मिळायची.

ती गॅलरी दिसतेय ना खिडकीबाहेर? कठड्याला अँटेना बांधलाय बघा, त्याच्याजवळ फरशीचा तुकडा झिजलाय — तिथे माझी जागा. हसू नका, उगाच नाही सांगत. ह्या जिन्यावरच्या बिऱ्हाडांत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. जिन्यातली सगळी माणसं चपला काढून आत येऊन बसली आणि चित्र काही येईना. नुसत्या मुंग्या. दुकानातला माणूस अँटेना इकडे फिरवतोय, तिकडे फिरवतोय, घाम पुसतोय. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, ओला हात सहज दांडीला लागला, आणि आतून एकदम ओरडा झाला, आलं, आलं. मी हात काढला. गेलं. आणि ह्यांचा आवाज आला — थांब, तिथंच थांब. झालं. तेव्हा जी थांबले ती थांबलेच. दुसऱ्या कुणी धरून पाहिलं नाही का? पाहिलं की. दिरानं धरलं, शेजारच्यांनी धरलं, सासूसुद्धा एकदा कुरकुरत येऊन धरून गेली. कुणाच्या हाताला यायचं नाही, आलंच तर माणसांची तोंडं लांबट आणि वाकडी. माझ्या हाताला मात्र स्वच्छ. एखादीच्या हाताला चव असते म्हणतात ना, तसं लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला चित्र आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. शाळेत घातलेली नाही, रंगानं काळी, जीभ तिखट, माहेरचं काही पाठबळ नाही — ह्या घरात माझ्यावाचून अडेल असं एक काहीतरी निघालं म्हणायचं. सुरुवातीला तर अशी मान ताठ करून जायचे गॅलरीत, जशी काही मी राणी आणि आत सगळी प्रजा बसलीय.

मग हळूहळू लक्षात आलं, की राणीला टीव्ही दिसत नाही. टीव्हीची पाठ माझ्याकडे ना. मला खिडकीतून काय दिसणार, तर समोर बसलेल्यांची तोंडं. मी टीव्ही पाहिला तो असा, दुसऱ्यांच्या तोंडांवर. मालिकेत कुणी मेलं की सासूचा खालचा ओठ लोंबायचा. नाचगाणं लागलं की दिराचे कान हलायचे, खरंच हलायचे, गाढवासारखे. बातम्या लागल्या की हे नाक वर ओढायचे, जसं काही ह्यांना विचारल्याशिवाय राज्यच चालत नाही. आणि सगळ्यांच्या तोंडांवर तो निळसर उजेड, मेलेल्या माणसांवर असतो तसा. पण एकाचंही तोंड खिडकीकडे वळायचं नाही. चित्र जरा हललं की हे मान न वळवता, डोळे टीव्हीवरच ठेवून ओरडायचे, थांब. भिंतीला सांगावं तसं. थंडीत बोटं त्या दांडीला चिकटायची. लेक पोटात होती तेव्हा पाय सुजायचे माझे, तेव्हा मोठ्या मनानं स्टूल दिलं होतं — हो, तुम्ही बसलाय तेच — पण मी बसले की चित्र सरकायचं, म्हणून स्टूल आत घेतलं, मला उभी ठेवलं. सासू बसली मग त्या स्टुलावर. पुढे तिकडे टेकडीवर नवा टॉवर झाला, चित्र आपलं आपण यायला लागलं, माझी सुटका झाली. सुटका म्हणजे रोजची. वारा सुटला, आभाळ आलं, की होतीच हाक. हे आजारी पडायच्या आधीपर्यंत होती.

चहा घ्या, निवतोय. बिस्किटं नाहीत, ह्यांच्या घशात अडकतात म्हणून आणत नाही. आणि मी एकटीनं कशाला खाऊ? खाते, तसं खाते, पण ह्यांच्यासमोर बसून खाते, त्याला वेगळी चव असते.

कळलं होतं हो. सगळ्या देशात जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि मला एकटीलाच कळलं नाही, असं कसं होईल? शाळेत गेले नाही म्हणजे वाचता येत नाही असं समजू नका. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद सोडून सोडून शिकले, कुणी शिकवलं नाही, आणि आता तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव इथून वाचतेय. फोटो जुना आहे ना? केस होते तेव्हाचा. तर किती महिने टीव्हीच्या खालून ती पट्टी सरकत होती — अमुक तारखेला जुनं प्रक्षेपण बंद, त्याआधी बॉक्स बसवून घ्या, न घेतल्यास चित्र दिसणार नाही. रोज सरकायची, ह्यांच्या डोळ्यांसमोरून. ह्यांना अक्षर कळत नाही, हे नुसते पट्टीकडे बघायचे. आणि मी ह्यांच्या मागे बसून वाचायचे. मनातल्या मनात. सांगायचं कुणाला? लेकीला सांगितलं असतं तर बॉक्स तेव्हाच आला असता. नाही सांगितलं. तारीख मात्र पाठ करून ठेवली.

त्या दिवशी मुद्दाम मॅच लावून दिली. मटार सोलायला घेतला आणि ह्यांच्या मागे बसले, हसत नव्हते काही, नुसती बसले होते. एक खेळाडू पळत होता, त्यानं पाय उचलला, आणि तो पाय खाली आलाच नाही. मुंग्या. अख्ख्या देशात त्याच क्षणी गेलं असणार, नाही का? ज्यांनी बॉक्स घेतले नव्हते त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर. हे जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, थांब. मी थांबलेच होते, मटार सोलत. परत म्हणाले, थांब. आणि मग काय केलं असेल ह्यांनी? मान वळवली. ती आखडलेली मान, जी पाठीला खाज सुटली तरी वळत नाही, ती अशी कण कण करत वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे हो. तोंडाकडे. मग गॅलरीकडे. मग परत माझ्याकडे. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला — ह्यांना वाटत होतं, मी हात सोडला. बाहेर अँटेनाजवळ कुणी नाही, बाई आत बसून मटार सोलतेय, मग चित्र जाणार नाही तर काय होईल. टॉवर बिवर सगळं विसरले होते, डोक्यात जुनंच तेवढं राहिलंय. सबंध देशाचं चित्र गेलंय आणि ह्या माणसाला वाटतंय, ते बायकोच्या हातात आहे. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, हो. सोडला मी.

असं बघू नका माझ्याकडे. मारत नाही मी त्यांना. जाऊन विचारा जिन्यात, म्हातारा किती स्वच्छ ठेवलाय, पाठीला एक फोड नाही, नखं कापलेली, दाढी केलेली. नर्स ठेवली असती तर तिनं एवढं केलं नसतं. लेक आली की रडते, आई, किती करतेस गं तू. करतेच. फक्त दुपारी, भांडी आवरली की, मी उठते आणि गॅलरीच्या दाराशी जाते. तेवढंच. ह्यांचे डोळे माझ्याबरोबर येतात. दार उघडते. एक पाय बाहेर टाकते. हे श्वास रोखतात, तिथून ऐकू येतं, छाती भरून येते ह्यांची. मग मी हात वर करते, दांडीच्या अगदी जवळ नेते, एवढ्या जवळ — आणि केस सारखे करते. आणि आत येते. मग जे तोंड होतं ना ह्यांचं, ते बघण्यासारखं असतं. इतकी वर्षं खिडकीतून तोंडं बघितली, पण असलं तोंड कुठल्याच मालिकेनं कुणाचं केलं नव्हतं. कधी रडतात. बहुतेक थांब म्हणतात. मी म्हणते, थांबले होते की, किती थांबायचं.

क्रूर? म्हणा की, बिचकता कशाला. माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन म्हणा. आता बोललाच आहात तर ऐकूनही घ्या, म्हणजे बाहेर जाऊन सांगताना अर्धवट सांगणार नाही. एकदा माझा भाऊ आला होता. लेक रांगत होती तेव्हा. अशीच कसली तरी मोठी मॅच, घर भरलेलं, आणि मी गॅलरीत. खिडकीतून बघते तर दारात भाऊ. धापा टाकतोय, ह्यांच्याशी काहीतरी बोलतोय, हात हलवतोय. ह्यांनी त्याच्याकडे न बघताच खुर्ची दाखवली. भाऊ जरा उभा राहिला, मग बसला. मी म्हटलं, बरं झालं, सहज आलाय, मॅचला आलाय. त्याच्या घरी टीव्ही नव्हता ना. म्हणून मी काय केलं असेल? दोन्ही हातांनी धरलं. एका हातानं यायचं त्याहून दोन्ही हातांनी जरा जास्त ठळक यायचं, ते माझं मला ठाऊक होतं, ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. भावासाठी धरलं. टाचा वर करून. आणि भावाचं तोंड बघत राहिले — आधी घाबरलेलं होतं, मग हळूहळू मोकळं झालं, निळं झालं, मग तोही सगळ्यांबरोबर उठून ओरडला, टाळ्या पिटल्या. मला इतका आनंद झाला, काय सांगू. मॅच संपली, माणसं उठली, आणि भाऊ गॅलरीत आला, आणि माझ्याकडे बघून त्याचं तोंड पडलं, तेव्हा कुठे त्याला आठवलं. म्हणाला, ताई, आईची धुगधुगी उरलीय, तुला बघायचं म्हणतेय.

आम्ही पोचलो तेव्हा तिला जमिनीवर घेतलेलं होतं.

भावानं सांगितलं मला पुढे. हे म्हणाले होते, थांब, आत्ता तिनं हात सोडला तर सगळ्यांचा विरस होईल, एवढं संपू दे. भावाचा राग नाही मला. लहान होता, टीव्ही पाहिला नव्हता. आणि ह्यांना मी कधी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. तेव्हा तर सगळे शब्द येत होते ह्यांना, तरी तेच म्हणाले असते.

अहो, कुठे उठलात? चहा संपवा की. गॅलरीत कशाला जाताय? अँटेना जुनाच चालतो ह्या बॉक्सला? मग नवीन काय झालं त्यात. काय, मी धरू? तुम्ही बॉक्समध्ये चॅनल शोधेपर्यंत मी जरा जाऊन धरू — तुम्ही ऐकत होतात का झोपला होतात मगाचपासून? हात लावणार नाही मी त्याला. मेले तरी लावणार नाही. तुमचं तुम्ही बांधा, तारेनं बांधा, दोरीनं बांधा, जीव द्या हवं तर त्याला टांगून. मी इथे बसलेय, हे बघा, ही माझी खुर्ची, हे माझे हात मांडीवर. काढा की खिळे, ठोका की. लेकीनं पाठवलंय तुम्हाला, तुम्ही कशाला माझं ऐकाल. बांधून झालं की हात धुवा, तिथे नळ आहे.

ह्यांच्याजवळ का वाकलात? मोठ्यानं बोलू नका, बहिरे नाहीत ते. त्यांना काय सांगताय — नाही, ते सांगू नका. अहो, तुम्हाला बॉक्स बसवायला पाठवलंय, वकिली करायला नाही. सांगितलंत. झालं समाधान? काय सांगितलंत, तर आजोबा, सगळीकडेच बंद झालं होतं, आजींचा काही दोष नाही. दोष नाही म्हणे. तुम्हाला वाटतंय, तुम्ही माझी बाजू घेतलीत. एवढे महिने सगळा दोष माझाच होता, आणि तोच तेवढा माझ्याकडे होता, दुसरं ह्या घरात माझं काही नाही. कळलं का ह्यांना? डोळे मिचकावतायत. कळलंय. तुम्ही वायरी जोडताय ते बघतायत, अगदी बारीक बघतायत.

आलं.

रंग काय आहेत. ती बाई कसली, बातम्यांची? तिच्या कानातलंसुद्धा दिसतंय. मी इथे खुर्चीत बसलेय, हात मांडीवर, आणि आलं. माझी काही गरज लागली नाही. बघा, बघा ह्यांच्याकडे — तोंड कसं सैल पडलंय. गेले ते आता त्या बाईच्या कानातल्यात. अहो, ऐकलं का, पाणी हवं का? अहो. बघितलंत, मान हलत नाही. मगाशी मी नुसती खोकले असते तरी वळली असती. संपलं. तुमचं काम छान आहे, अगदी चोख, लेकीला कळवते मी.

आता मुंग्या कधीच येणार नाहीत म्हणता? वारा सुटला तरी नाही? थोडं दिसतंय, थोडं नाही, असं काहीच नाही? एक तर सगळं, नाही तर — नाही तर काय दिसतं? काळं. नुसतं काळं. बरं. आणि ते काय देताय त्यांना? डाव्या हातात देऊन उपयोग नाही, एका हातानं धरून बटण दाबता येत नाही ह्यांना, खाली पडेल, फुटेल. इकडे द्या. माझ्याकडे द्या, मी सांभाळते, मीच सगळं सांभाळते. हलकं आहे हो किती. ह्यात आवाजाचं कुठलं? आणि हे लाल कसलं? दाबू? इथे बसल्या बसल्या, उठायचं नाही, काही नाही?

गेलं की. एवढ्याशा बटणानं.

थांब म्हणाले. नाही, ह्या वेळी तुम्हाला म्हणाले. बघा ना, तुमच्याकडे बघून म्हणाले, तुमच्या बाहीकडे हात केलाय त्यांनी. आजारी पडल्यापासून दुसऱ्या कुणाला म्हणाले नव्हते घरात. मला वाटत होतं तो शब्द माझा आहे. असू द्या. पण तुम्ही थांबू नका. तुमची पुढची घरं खोळंबली असतील, अजून किती म्हातारे मुंग्यांसमोर बसले असतील तिकडे. बॅग घ्या. स्टूल राहू दे तिथेच. जाताना दार नीट ओढून घ्या, वाऱ्यानं आपटतं ते.

अहो. दाराकडे नाही, ते गेले. टीव्हीकडे पण नाही, त्यात काही नाही आता. इकडे. माझ्याकडे बघा.